‘कळवलं’ची हिरवी खूण

“तिथे ‘कळवलं’ लिहू नकोस,” शंकासुर तिला म्हणाला होता. “कळवलं म्हणजे कुणाला तरी कळलं. चाचणीच्या खात्यातून तर निरोप जातच नाही.”

शंकासुर म्हणजे ऑफिसातला तपासनीस. दुसऱ्यांनी बनवलेल्यात खोट काढायची हेच त्याचं काम, आणि ते तो इतक्या मनापासून करायचा की त्याचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं.

“अरे, चाचणीत खरंखुरं कोण वापरतंय?” ती म्हणाली. “लोक येतात, चार बटणं दाबून बघतात. पहिल्याच दिवशी ‘निरोप गेला नाही’ म्हटलं तर पळून जातील.”

“मग कोपऱ्यातला ‘चाचणी’ शब्द तरी ठळक कर.”

“डोळ्यांत खुपतो तो.”

आणि त्याच्या नाकावर टिच्चून तिने तो आणखी फिका केला.

छोट्या व्यावसायिकांना रोजची हजेरी आणि निरोपानिरोपी सांभाळून देणारं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवायची. नव्या गिऱ्हाइकाने नाव नोंदवण्यापासून ते ‘हे आपल्याला पाहिजेच’ असं त्याला वाटेपर्यंतची सगळी वाट आखणं तिच्याकडे होतं. साहेबांचं एकच पालुपद, “माणूस कुठे अडखळायला नको.” सकाळी म्हणायचे, नोंदणीतला हा प्रश्न काढून टाका. दुपारी म्हणायचे, कुणी काढला? तिने शेवटी हात टेकले आणि अडखळण्यासारखं जे जे दिसेल ते ते उचलून बाजूला ठेवलं. फोन नंबर पडताळायची स्क्रीनसुद्धा. एकदा कुठल्याशा शाळेने गंमत म्हणून ‘उद्या सुट्टी’ पाठवून बघितलं होतं आणि सगळ्या गावाची झोप उडाली होती. तेव्हापासून नंबर पडताळल्याशिवाय निरोप बाहेर सोडायचाच नाही असा नियम होता; तोवर खातं चाचणीचंच राहायचं. ती स्क्रीन तिने एका बटणामागे सारली. बटणावर लिहिलं, ‘नंतर बघू’.

तिची लेक, चिमणी, ज्या पाळणाघरात जायची तिथल्या ताईंना तिनेच गळ घातली होती, “ताई, एकदा वापरून तर बघा.” ताईंनी कडेवर एक पोर, पायाशी दुसरं, अशा अवस्थेत एका हाताने नाव नोंदवलं. कुठेही अडल्या नाहीत. ती बाजूला उभी राहून बघत होती आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती.

त्याआधी ताईंचा फोन ऊठसूट यायचा. शिंकली, रुसली, मोजा हरवला. फोन वाजला की ही हातातलं काम टाकून धावायची. आता फोन थांबले. काही असलं तर निरोप येईल, आणि निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, अशी तिने मनाची समजूत घातली. तरी मीटिंगमध्ये दर थोड्या वेळाने टेबलाखाली फोन उजळवून बघायची सवय काही गेली नाही.

त्या दिवशीही बघत होती. साहेब भिंतीवरच्या आलेखापुढे येरझारा घालत होते. “लोक नाव नोंदवतात, वापरतात आणि पुढे नंबर पडताळतच नाहीत. का?”

“त्यांचं काम अडत नसेल,” शंकासुर म्हणाला. “आपण त्यांना सांगतोय ना, कळवलं म्हणून.”

“तुझं परत सुरू झालं का?” ती वैतागून म्हणाली. फोन पुन्हा बघितला. निरोप नव्हता. बरं वाटलं.

संध्याकाळी पाळणाघराच्या दारात ताई चिमणीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. पोर मलूल. गालाला हात लावला तर चटकाच बसला.

“आलात का एकदाच्या!” ताई म्हणाल्या. “जेवणानंतर तापली. एकदा ओकली. मी पट्ट्या ठेवतेय, तुमची वाट बघतेय, आणि तुमचा पत्ता नाही.”

“अहो, मग कळवायचं नाही का?”

“कळवलं की! एकदा नाही, चांगलं तीनदा. हे बघा.” ताईंनी फोन तिच्या नाकासमोर धरला. ‘चिमणीला ताप आहे, लवकर या.’ शेजारी हिरवी खूण. कळवलं. खाली आणखी एक, त्याहून काकुळतीचा. कळवलं. आणि शेवटचा नुसताच ‘अहो?’ कळवलं.

ती खूण कोवळ्या पानासारखी हिरवी दिसावी म्हणून तिने किती खटाटोप केला होता!

“मला फोन करायचात ताई.”

“फोन कशाला करू? तुम्हीच म्हणालात ना, आता फोनाफोनी बंद! मला वाटलं, बाई मोठ्या मीटिंगमध्ये, बघितलंय पण सवड नाही. रागच आला मला तुमचा.”

“पण हे चाचणीचं खातं आहे. इथे लिहिलंय बघा, कोपऱ्यात…” तिने बोट ठेवलं. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन जवळ नेला, लांब नेला.

“हे होय? मला वाटलं काचेवर डाग पडलाय. आणि चाचणी मी तुमची घेतेय असं समजत होते हो. तुम्हीच माझी घेताय, हे कुठे ठाऊक!”

तिला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. साहेबांवर काढला असता, पण तो शब्द साहेबांनी लिहिला नव्हता.

डॉक्टरांनी चिमणीला तपासलं, औषधाचा पहिला घोट तिथेच पाजला आणि ताप उतरू लागेपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. “घाबरायचं कारण नाही. फक्त यायला उशीर केलात,” एवढंच म्हणाले. एवढंच पुष्कळ लागलं.

बाकावर बसल्या बसल्या तिला एकदम काका आठवले, चाचणीवरचं आणखी एक गिऱ्हाईक. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे रोज मदतनीस पाठवायचा त्यांचा धंदा. नाव नोंदवताना तिनेच फोनवरून सांगितलं होतं, “काका, ते ‘नंतर बघू’ दाबा, बिनधास्त.” तिने चिमणीला एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने नंबर लावला.

“काका, आज कुणाला काही कळवलंत का?”

“कळवलं ना बाळ! फार सोयीचं आहे तुमचं हे. आमचा माणूस सकाळी एका आजोबांकडे गेला, दार उघडेनात. त्यांच्या मुलीला लगेच कळवलं.”

“तिचा फोन आला?”

“नाही बुवा. पण हिरवं झालंय. किल्ली तिच्याकडे असते, गेली असेल ती.”

“काका, तिला कळलेलं नाही. कुणालाच कळलेलं नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता तिथे जा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तिने साहेबांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. सगळ्या चाचणीवाल्यांना आत्ता लिहायला हवं म्हणाली.

“लेक कशी आहे? बरी आहे ना? मग झालं,” साहेब म्हणाले. “उगाच लोकांना घाबरवू नका. एका शब्दासाठी एवढा गोंधळ कशाला? नंतर बघू.”

नंतर बघू. तिचंच बटण.

तिने शंकासुराला फोन केला. आता हा म्हणणार, मी सांगत होतो, म्हणून तिने दात आवळून धरले. तो म्हणाला, “मजकूर पाठव. सगळ्यांना मीच धाडतो. साहेबांचं मग निस्तरू. चिमणी खातेय का काही?”

ती चिमणीच्या अंगावरून हात फिरवत एका अंगठ्याने लिहायला बसली. तेवढ्यात काकांचा फोन आला. त्यांचा आवाज पार बसला होता.

“कुलूप तोडलं. पलंगाशी पडले होते, दिवसभर. कंबर गेलीय बहुतेक. पण शुद्धीवर आहेत आणि मला शिव्या घालतायत.” मग म्हणाले, “बाळ, हे तुमचं सॉफ्टवेअर माझ्या फोनमधून काढायचं कसं, तेवढं सांग.”

ते कसं करायचं हे तिलाही चटकन सांगता येईना. ती वाट तिने मुद्दाम अवघड ठेवली होती.

मग तिने लिहिलं ते असं:

‘तुमच्या फोनवर हिरव्या खुणेशेजारी ‘कळवलं’ दिसत असेल तर ते खरं नाही. तो शब्द मी लिहिला आहे. तुमचा निरोप कुणालाही गेलेला नाही. का गेला नाही, आता काय करायचं, ते सगळं सांगेन. पण आधी हे वाचणं इथेच सोडा. ज्याच्याविषयी तुम्ही कळवलं होतंत, तो माणूस कसा आहे, ते जाऊन बघा.’