काकांच्या उशाखाली

हे चोरून बिडी ओढतात, याची मला खात्रीच झाली होती. काशीच्या पाठशाळेत संस्कृत शिकवणारा माणूस रोज अर्धा तास उशिरा घरी येतो, राजा घाटाच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबतो, आणि विचारलं तर "पोटरीत गोळे येतात" म्हणतो. मी काय काल जन्मले? सदऱ्यांचे वास घेतले, खिसे उलटे केले. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखीच वाढला.

डॉक्टरही माझ्याच बाजूचे निघाले. डाव्या पावलाची नाडी लागत नव्हती, अंगठ्यावरची जखम महिनाभर भरत नव्हती.

"पंडितजी, उमर अड़तालीस. शुगर नहीं, बीपी नहीं. इस उमर में पैर की नसें अक्सर बीड़ी से बंद होती हैं. सच बताइए, कितनी?"

"एक भी नहीं," हे म्हणाले.

"पिताजी को पैर की तकलीफ?"

"छियासी की उमर तक पैदल गंगास्नान को गए."

"कोई भाई?"

"नहीं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवली, ओढतात म्हणून. जखम चिघळली तर पाय कापावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला रागच आला. पाय जायची वेळ आली तरी हा माणूस कबूल होत नाही!

आठवड्यानं रक्ताचा रिपोर्ट आला. होमोसिस्टीन नावाचं काहीतरी चौपट वाढलं होतं.

"यह बढ़े तो नसें खराब हो सकती हैं," डॉक्टर म्हणाले. "विटामिन की कमी से बढ़ता है, और किसी-किसी खानदान में पैदाइशी होता है. घर में किसी का पैर कटा था?"

"नहीं," हे म्हणाले.

"काकांचा कापला होता की," मी बोलून गेले.

काका म्हणजे यांचे जन्मदाते, बिंदुमाधवराव. पाचव्या वर्षी होम करून हे थोरल्या चुलत्यांच्या, विश्वेश्वररावांच्या मांडीवर दत्तक गेले. त्या दिवसापासून जन्मदाता काका झाला आणि सख्खा भाऊ प्रल्हाद चुलतभाऊ. श्राद्धात, संकल्पात, शाळेच्या दाखल्यावर बाप एकच. यांनी खोटं सांगितलंच नव्हतं. मीही शेजारी बसून ऐकलं होतं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी हे सगळं सांगितल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पंडितजी, गोद लेने से खून थोड़े बदलता है! उस भाई को भी भेजिए." मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पाय वाचवायचा प्रयत्न करू, म्हणाले.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मला राहवेना. "माझं चुकलं," मी म्हणाले. "मी तुमचे खिसे तपासत होते."

हे रागावले नाहीत. वाकून अंगठ्यावरची पट्टी सारखी केली.

"काकांचा पाय गेला तेव्हा सगळे म्हणायचे, चोरून बिडी ओढतो. ते बिचारे शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले. मी तेरा वर्षांचा होतो. आईनं, म्हणजे दत्तक घेतलेल्या आईनं, मला त्यांच्या उशाखाली बघून यायला पाठवलं."

"काही सापडलं?"

"नाही," हे म्हणाले. "पण आईला बिडी सापडायला हवी होती. मी सापडली म्हणून सांगितलं."