पंचवीस भोकांचा फळा आणि बाइंडरबाई

मी खुंट्यांचा फळा बोलतोय. या इस्पितळातला एकही लुळा हात माझ्याशिवाय बरा झालेला नाही. आता माझ्यामुळे किती बरे झाले म्हणाल, तर ते मला सांगता यायचं नाही. माझ्यावरून गेले एवढं खरं. आणि मोजायचं म्हटलं तर मला पंचवीसपर्यंतच येतं. अंगावर भोकंच तेवढी. सव्वीस कुणी शिकवलंच नाही.

माझा जन्म एका मोडक्या दारातून झाला. इस्पितळाच्या सुताराने दाराचा धडका तुकडा कापला, रंधा मारला, पाच ओळींत पाच-पाच भोकं पाडली आणि करंगळीएवढ्या खुंट्या तासल्या. शेवटच्या ओळीला पोचला तेव्हा कुणीतरी चहाला हाक मारली. म्हणून माझी ती ओळ जरा तिरकी आहे. सुतार म्हणाला, "चालतंय की. आजारी माणसांनाच तर द्यायचंय." हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

माझी नेमणूक झाली तळमजल्यावरच्या खोलीत. दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'व्यवसायोपचार विभाग'. ते वाचून एकदा एक दुकानदार आत आला आणि खुर्ची ओढून म्हणाला, "व्यवसाय पार झोपलाय हो. काय उपचार आहे तुमच्याकडे?" त्याला हसून बाहेर काढला. मीही हसलो. हसायचं कुणाला, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

विभागाचे प्रमुख होते घड्याळसाहेब. खरं नाव काहीतरी होतं, पण त्यांचा अंगठा कायम घड्याळाच्या बटणावर, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणत. "एका मिनिटात जमतील तेवढ्या खुंट्या लावा. चला." लावल्या की, "आता काढा." काढल्या की, "पुन्हा." जगात माझ्याइतका अस्वस्थ जीव नसेल. भोकं रिकामी असली की हुरहुर, भरली की आता उपसणार म्हणून धाकधूक. एक खुंटी कधी दुपारभर नांदली नाही माझ्यात.

मग मी करमणूक शोधली. दमट हवेत लाकूड फुगतं. हवा दमट झाली की मी सगळी तोंडं आवळून बसायचो. आजारी माणूस खुंटी दाबतोय, घाम पुसतोय, आणि मी गालातल्या गालात हसतोय. मोठमोठ्या पैलवानांना मी चारवर अडवलंय. घड्याळसाहेब फॉर्मवर लिहीत, 'पंचवीसपैकी चार', आणि मान हलवत. मला वाटायचं, काय गंमत.

अशाच एका दमट सकाळी बाइंडरबाई आल्या. पन्नाशीच्या. छापखान्यात पुस्तकं बांधायच्या. लकव्याने उजवा हात अर्धा गेलेला. सोबत नणंद.

घड्याळ सुरू झालं. मी नेहमीसारखा तोंड मिटून बसलो. बाईंनी दात-ओठ खाल्ले आणि नऊ खुंट्या लावल्या.

"नऊ," साहेब म्हणाले आणि लिहिलं.

नणंद म्हणाली, "वहिनी, कशाला एवढा जीव काढता? घरी बसा निवांत. भरवायला मी आहे ना."

"तू भरवतेस त्यातलं निम्मं माझ्या गळ्याखाली जातं, बाहेरच्या बाजूने," बाई म्हणाल्या. "मला कामावर जायचंय."

बाईंनी तो फॉर्म डोळ्यांपुढे धरला आणि एकदम हसल्या. हे फॉर्म त्यांच्याच छापखान्यात छापलेले, त्यांच्याच हातांनी गठ्ठे बांधलेले. खाली साहेबांनी स्वतःच्या माहितीसाठी कधीकाळी एक ओळ टाकली होती, 'समाधानकारक : वीस व अधिक'. छापखान्याच्या मॅनेजरने ती ओळ वाचली आणि नियमच करून टाकला. वीस झाल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही.

पुढे साहेब निवृत्त झाले, घड्याळ घेऊन गेले. त्यांच्या जागी धाकट्या बाई आल्या. त्यांनीही आल्या दिवसापासून मलाच पुढे केलं, दुसरं होतंच काय. एके दिवशी बाइंडरबाईंनी खुंटी उचलली आणि खाली ठेवली.

"बाई, एक विचारू? रागवू नका."

"विचारा ना, मावशी."

"दारावर लिहिलंय, व्यवसायोपचार. माझा व्यवसाय पुस्तकं बांधायचा. खुंट्या खोचायचा व्यवसाय कुणाचा आहे?"

धाकट्या बाई दाराबाहेर गेल्या. पाटी वाचत उभ्या राहिल्या. रोज तिच्याखालून ये-जा करणाऱ्या त्या, पण बहुतेक आजच वाचली असावी. परत आल्या आणि म्हणाल्या, "उद्या तुमची हत्यारं घेऊन या."

दुसऱ्या दिवसापासून खोलीला खळीचा वास येऊ लागला. दाभण, जाड दोरा, घडी दाबायची पट्टी, आणि छापखान्यातले टाकाऊ फर्मे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, अशा घड्या शिवून पुस्तक होतं. पहिले आठ दिवस जे झालं त्याला पुस्तक म्हणणं म्हणजे माझ्या तिरक्या ओळीला सरळ म्हणण्यासारखं. बाई फर्मे भिंतीवर भिरकावायच्या, धाकट्या बाई उचलून आणायच्या. "मावशी, उजव्याने शिवायचं सोडा. त्याने फक्त धरा. सुई डाव्याकडे द्या." एकदा दोघी जमिनीवर बसून टेबलाकडे बघत राहिल्या. टेबल उंच होतं. बाईंचा खांदा तेवढा उचलत नव्हता. पाय कापून ते चार बोटं खाली घेतलं आणि हात चालायला लागला.

मी कोपऱ्यात पडून होतो. खुंट्या डब्यात. कुणी विचारीना. जळलो, खोटं कशाला सांगू. पण त्याहून एक गोष्ट जास्त टोचायची. फॉर्मवरचे ते नऊ बाईंचे नव्हते. ते माझे होते. मी तोंड मिटलं होतं म्हणून नऊ झाले, आणि त्या नऊवर एक बाई घरी बसणार होती. मला बोलता येत नाही, नाहीतर त्याच दिवशी ओरडलो असतो. ओरडलो असतो का? देव जाणे. खोडी काढलेली कबूल करायची सवय नाही मला.

आज सकाळी धाकट्या बाईंनी मॅनेजरला इथे बोलावलंय. जागा किती दिवस रिकामी ठेवायची, आज ठरवून टाकतो, असं तो दारातच म्हणाला. बाइंडरबाईंनी त्याच्यासमोर एक पुस्तक बांधलं, चार बोटं खाली घेतलेल्या टेबलावर. सावकाश, पण पाठ सरळ आणि पानं एकसारखी. खळ लावून झाली तेव्हा वर वजन ठेवायला काही सापडेना, तर धाकट्या बाईंनी मला उचलून पुस्तकावर आडवा केला. तोच मी आता इथे आहे. पंचवीसही भोकं रिकामी, आणि खाली ओलं पुस्तक. हलायची सोय नाही आणि राहवतही नाही.

माझं म्हातारपण वजन म्हणूनच जाऊ द्या, माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, कुणाच्या पोटापाण्याचा निकाल मला विचारू नका. मी लबाड आहे. हवा दमट असली की आणखीनच.

मॅनेजरने पुस्तक वाकून पाहिलं, मग फॉर्म पाहिला. "काम चांगलं आहे, नाही कोण म्हणतंय. पण इथे नऊच लिहिलंय."

"ते खुंट्यांचे आहेत," धाकट्या बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे खुंट्यांचं खातं आहे का?"

"बाई, नियम तो नियम. आणि आमच्याही टेबलाचे पाय कापायचे म्हणता? एका बाईसाठी?"

धाकट्या बाई बोलणार तोच बाइंडरबाईंनी डाव्या हाताने त्यांना थांबवलं.

"साहेब, कागद कापायचं नवं मशीन आलं तेव्हा ते दारातून जाईना. तुम्ही भिंत पाडलीत. तेव्हा मशीनला म्हणालात का, आधी वीस खुंट्या लावून दाखव?"