तळसांगवीचं वादळ

गावात वीज पोचली की नाही, हे ठरवायची आमच्या खात्याची रीत फार सोपी होती. शिवारात कुणाच्याही विहिरीवर एक मोटर घरघरली, की सगळ्या गावाचं विद्युतीकरण झालेलं. मग लोक चिमणीच्या धुरात खोकेनात का! कागदावर उजेड पडला की साहेबांचे डोळे दिपायचे. मी त्रिंबक, वायरमन. वीस वर्षं या दिपलेल्या डोळ्यांची चाकरी केली.

लासूर स्टेशनपासून दोन कोसांवरच्या तळसांगवीत सरपंच काकासाहेबांच्या तीन विहिरींवर तीन मोटरी होत्या. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत मात्र नुसते दोन खांब, तारा नसलेले. मेंढरं त्यांना अंग घासायची. मी धनगराच्या घरातला, त्यामुळं खात्यानं मेंढरांची केलेली ही सोय मला तरी आवडायला हवी होती.

तारा मीच उतरवल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटलेला. मी नोकरीत नवा, त्यात भित्रा. काकासाहेबांनी बोलावून घेतलं.

"तिरमक, वस्तीतल्या तारा काढून घे. दंगलीचे दिस हायेत. शॉर्ट होऊन घरं जळायची उगं."

केवढी ती काळजी! मी तारा गुंडाळल्या आणि रजिस्टरात 'तात्पुरता बंद' असं लिहिलं. दोन दिवसांनी वस्तीतली चौदा घरं जळाली. तारा नव्हत्या, तरी जळाली. त्याला रॉकेल पुरलं. पेटवणारे कोण होते ते अंधारात कुणाला ओळखता आलं नाही. अंधाराची सोय मी आधीच करून ठेवली होती ना. ते 'तात्पुरता' पुढं सोळा वर्षं चाललं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. काकासाहेब निळा फेटा बांधून वस्तीत गेले, पेढे वाटले आणि समतेवर पाऊण तास बोलले. फेटा त्यांना शोभत होता. त्यांना कुठल्याही रंगाचा फेटा शोभतो.

त्याच महिन्यात वस्तीतली द्वारकाबाई माझ्याकडं आली. ती आणि आणखी सात बाया समाजमंदिरात पायमशिनीवर हातमोजे शिवायच्या. वाळूजच्या कारखान्यांना लागणारे ते मोजे एक ठेकेदार घेऊन जायचा. दिवसा पाणी, सरपण, लेकरं. शिवायला बसेपर्यंत दिवस मावळायचा. चिमणीच्या उजेडात टाके वाकडे पडायचे आणि माल परत यायचा. ठेकेदारानं सांगून टाकलं होतं, होळीपर्यंत दिवा दाखवा, नाहीतर मशिनी उचलून नेतो.

"मशिनी गेल्या तर काकासायबाच्या कांद्यात जावं लागंल," द्वारकाबाई म्हणाली. "लई वरसं वाकले त्या रानात. आता नाय वाकायची. तार जोडून दे."

मी साहेबांना विचारलं. ट्रान्सफॉर्मर मोटरींनी भरलेला, नवा भार बसणार नाही, म्हणाले. मग उन्हावर चालणारे सौर दिवे तरी द्या, असं म्हटलं. त्यांची नवी योजना आली होती आणि कचेरीत तिचं भलं मोठं चित्र लावलं होतं. चित्रातला सूर्य गालातल्या गालात हसत होता.

"ते वीज नसलेल्या वस्त्यांना," साहेब म्हणाले. "इथं खांब आहेत. म्हणजे वीज आहे."

"साहेब, खांबांतून वीज येत नसते."

"ते तू मला शिकवू नकोस. नियमात एकच वाट आहे. नैसर्गिक आपत्तीनं लाइन गेली असेल, तर दिवे मिळतात. कारण लिहून आण. सरपंचाची सही आणि वस्तीतल्या एकाची साक्ष घे."

म्हणजे वाऱ्यानं तार तोडली तर सूर्य मदतीला येणार. माणसानं तोडली तर सूर्यही नियम बघणार! माझं डोकं फिरलं. मी फॉर्मवर सरळ लिहिलं की काकासाहेबांच्या सांगण्यावरून तारा मी उतरवल्या. लिहिताना छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

काकासाहेबांनी ते वाचलं आणि चहा मागवला.

"यानं दिवा येतो का रं?"

"नाय."

"मग? तुझी नोकरी जाईल, वस्ती अंधारात ऱ्हाईल, अन् मला काय व्हतंय? चौकशीवाला माझ्याच वसरीवर जेवायला येणार. वादळ लिही. सही करतो. दिव्याचं उद्घाटन बी मीच करीन."

हा माणूस खरं बोलतो तेव्हा जास्त किळस येते. मी दुसऱ्या फॉर्मवर वादळ लिहिलं, त्यानं सही ठोकली. मी दोन्ही फॉर्म घेऊन दिवस मावळताना समाजमंदिरात गेलो.

आठ मशिनी खडखडत होत्या. द्वारकाबाईला मी बाजूला घेतलं आणि दोन्ही कागदांत काय आहे ते सांगितलं.

"तुम्ही म्हणाल तर खरं लिहिलेलाच वर पाठवतो," मी म्हणालो. "नोकरी गेली तर जाऊ द्या."

"अन् दिवा?"

"मग दिवा नाही."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल तिच्या. मी स्वतःला काय समजत होतो कोण जाणे.

"म्हंजी तुझं मन हलकं व्हणार, अन् आमी कांद्यात," ती म्हणाली. "सोळा वरसं कुठं गेलतं रं तुझं खरं? तारा तू काढल्या हे वस्तीतलं शेंबडं पोर बी जाणतं. आमाला सांगाया कागद कशाला? दिवा पायजे. आन ते वादळ हिकडं."

मी नवा फॉर्म पुढं केला. पेन उघडून दिलं. तिनं पेन घेतलं, पण सही केली नाही.

"आदी वाच. समद्यांम्होरं."

"द्वारकाबाई, काय गरज आहे?"

"मी साक्षीदार हाये ना? मंग काय बघितलं ते मला कळाया नको?"

एकेक मशीन थांबली. बाया हातातले मोजे मांडीवर ठेवून माझ्याकडं बघू लागल्या. खरं सांगायला निघालो होतो तेव्हा आवाज कसा खणखणीत होता! आता कागद तोंडापुढं धरून पुटपुटू लागलो.

"सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली झालेल्या वादळाने," मी वाचलं, "वस्तीतील विजेच्या तारा तुटल्या. जीवित वा घरांची हानी झाली नाही..."

कोपऱ्यात दगडाबाई बसली होती. दंगलीत सगळ्यात आधी तिचंच घर पेटलं होतं. ती कानामागं हात धरून म्हणाली, "ऐकू ईना. मोठ्यानं वाच."

द्वारकाबाई पेन धरून वाट बघत उभी होती. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.