चिठ्ठीची मागची बाजू

“तपासणीआधी मागच्या बाजूची यादी पाळली होती ना?” लॅबवाल्या बाईंनी फोनवर विचारलं, तेव्हा मी आणि आई कपाटासमोर उभे होतो. लॅबने दिलेली सूचनांची चिठ्ठी कपाटाच्या दारावर होती. हरवू नये म्हणून आईने ती डिंकाने चिकटवली होती, चारी कोपरे आणि मधोमधही. मागच्या बाजूला आता कपाट होतं.

बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. कुणीही काटा घेऊन आलं की मान वर न करता म्हणतात, “उद्या या.” बाजारात त्यांचं नावच ‘उद्याकाका’. एका भंगारवाल्याचा काटा त्यांच्या फळीवर अकरा वर्षं उद्याची वाट पाहत होता. मधल्या काळात भंगारवाल्याने धंदा बदलला.

दोन महिन्यांपूर्वी बाबांचं तोंड अधूनमधून लालबुंद व्हायला लागलं आणि पोट बिघडलं ते बिघडलंच. डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. लॅबने दिलेला कॅन बाबांनी आधी स्वतःच्या मापाने तपासला. लिटरची खूण दहा मिली चुकलेली निघाली. तेवढ्यानेही त्यांना जरा बरं वाटलं.

लघवीतला सेरोटोनिनच्या अंशाचा आकडा असायला हवा त्याच्या चौपट आला. डॉक्टरांनी समजावलं की सेरोटोनिनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात, पण त्यातलं नव्वद टक्के डोक्यात नसतंच, पोटात असतं. तिथे ते आतडी हलवतं, आणि कुठे कापलं तर रक्त थांबवायलाही मदत करतं. पण आतड्यातली एखादी गाठ ते भसाभसा सोडायला लागली, की तोंड लाल होतं, पोट धावतं आणि पुढे हृदयाच्या झडपाही खराब होतात. तशी गाठ आहे का, ते शोधावं लागणार होतं.

“म्हणजे ह्यांना आनंद जास्त झालाय?” आई म्हणाली. “तीस वर्षांत घरी तर कधी आणला नाही.”

डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत. ते एरवीही हसत नाहीत, त्यामुळे काही कळलं नाही.

कळलं ते दुकानात. बाबांनी आठवड्याभरात अख्खी फळी रिकामी केली. किराणावाल्यांचा काटा उभ्या उभ्या करून दिला, तर ते घाबरून थेट आमच्या घरी आले आणि काकांचं बरं आहे ना, असं हळूच विचारून गेले. भंगारवाला आता चष्मे विकतो. त्याला हुडकून काढून त्याचा काटा हातात दिला. घरात नळ गळतोय म्हटल्याबरोबर बाबा पाना घेऊन उठले. आई आतल्या खोलीत जाऊन रडली. तीस वर्षं तिला नेमकं हेच हवं होतं.

लॅबवाल्या बाईंचा तो फोन आला, तेव्हा मी त्यांना थांबायला सांगितलं, ओल्या फडक्याने चिठ्ठी भिजवली आणि उलथन्याने सोडवली. तीन दिवस आधीपासून खाऊ नयेत अशा पदार्थांची यादी होती. पहिलंच नाव केळी.

आईने बोट ठेवून ते नाव पुन्हा वाचलं. पोट बांधलं जावं म्हणून ती बाबांना रोज सहा केळी चारत होती.

“केळ्यातही सेरोटोनिन असतं हो,” मी सगळं सांगितल्यावर बाई म्हणाल्या. “पुन्हा तपासू. या वेळी चिठ्ठी भिंतीला चिकटवू नका.”

“कपाटाला होती,” आई म्हणाली.

केळ्यांविना तपासल्यावर आकडा अगदी जिथे असायला हवा तिथे आला. डॉक्टरांनी मग बाबांची पिशवीच टेबलावर उपडी करायला लावली. दुसऱ्या दवाखान्यातून आणलेल्या दोन नव्या गोळ्या निघाल्या. तोंड लाल होत होतं ते रक्तदाबाच्या गोळीने, पोट बिघडलं होतं ते साखरेच्या. बाबांनी त्या सांगितल्या नव्हत्या, कारण कुणी विचारलं नव्हतं. गोळ्या बदलल्या आणि पंधरा दिवसांत बाबांचा चेहरा मूळच्या उदास रंगावर आला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. किराणावाले काटा घेऊन आले. पाच मिनिटांचं काम होतं. बाबांनी काटा हातात घेतला, उलटा करून मागची बाजूही नीट पाहिली आणि रिकाम्या फळीवर मधोमध ठेवला.

“उद्या या.”

 किराणावाले दुकानाच्या पायरीवरून खाली उतरले, आणि रस्त्यात भेटेल त्याला थांबवून काहीतरी सांगत गेले.

फळीवर तो एकटाच काटा होता, शून्यापासून जरासा सरकलेला.