अकराव्या मजल्यावरची काच

सकाळी साडेनऊच्या सुमारास अकराव्या मजल्यावरची काच निसटली आणि खाली रस्त्यावर पडून तिचा चुरा झाला. रस्ता दोर लावून बंद केलेला होता, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. आवाज मात्र दोन चौक पलीकडच्या काचघरापर्यंत गेला. तिथे बटाट्यांना माती लावणाऱ्या माणसांनी हात थांबवून एकमेकांकडे पाहिलं. तो आवाज कसला, हे या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही.

काच म्हणजे इथे जेवण. आभाळ काळवंडलं होतं ती वर्षं सरली, ऊन परत आलं, पण आजारातून उठलेल्या माणसासारखं: येतं, थोडं बसतं, दमतं. उघड्यावर पेरलेलं हिवात करपून जातं. जे काही उगवतं ते काचेखाली. नवी काच करणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून जुनी काढून आणायची. रिकाम्या पडलेल्या ऑफिसांच्या खिडक्यांतून, अख्खी, ओरखडाही न उठवता.

हे काम दोन तुकड्या करतात, आपापल्या काचघरासाठी. पूर्वेच्या तुकडीची मुकादम एक बाई आहे. पूर्वी ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. आपल्याला स्वतःला चष्मा कधी लागलाच नाही, हे ती प्रत्येक नव्या माणसाला एकदा सांगते आणि मग नाद सोडते. पश्चिमेच्या तुकडीचा मुकादम दोराला लटकून जाहिरातींचे मोठे फलक रंगवायचा. भिंतीला असा चिकटतो की त्याचं नाव घोरपड पडलं. ते पाडलं चष्मेवालीच्याच माणसांनी, आणि कौतुकाने नव्हे.

दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. काच तडकली की चष्मेवाली म्हणणार, तुझ्या माणसांनी जिना हादरवला. घोरपड म्हणणार, तुझ्या माणसांनी काचेभोवतीची रबराची पट्टी अर्धवट कापून ठेवली होती. वाटप बघणाऱ्या मेट्रनबाई (पूर्वी त्या खरोखरच एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या) हे ऐकून ऐकून इतक्या विटल्या, की शेवटचा टॉवर तेवढा उरला तेव्हा त्यांनी दोघांना एकत्रच जुंपलं. त्या टॉवरच्या काचा इतक्या मोठ्या होत्या, की एका तुकडीला त्या पेलणाऱ्याही नव्हत्या. आतून पूर्वेची माणसं, बाहेरून दोरांना टांगलेल्या पाळण्यात पश्चिमेची. एक काच पूर्वेला, एक पश्चिमेला. आणि वाद नकोत म्हणून नियम एकच: ज्याच्या हातून काच फुटेल त्याच्या तुकडीने टॉवर सोडायचा. उरलेली सगळी काच दुसऱ्याची.

"आता बघा कसे गुण्यागोविंदाने नांदतात," मेट्रनबाई म्हणाल्या होत्या.

त्यांना अभिप्रेत नव्हतं इतकं ते खरं झालं.

काम असं चालतं. काचेला दोन्हीकडून रबरी पंजे लावायचे. पंजा दाबून खटका बसवला की तो काचेला घट्ट धरतो. आतल्या माणसाने भार घेतला की काचेवर बोटाने एकदा वाजवायचं, म्हणजे धरलं. दोनदा वाजवलं, की बाहेरच्याने सोडायचं. जाड काचेतून बोललेलं ऐकू येत नाही, वाजवलेलं हाताला कळतं. आणि पहिल्या दिवशी नवख्याला शिकवायचा धडा हा, की काचेच्या कडेकडे बघायचं. काचेतून पलीकडे बघायचं नाही.

पण बाहेरच्या बाजूला वर्षांची धूळ बसलेली. पहिल्याच आठवड्यात घोरपडीने त्या धुळीत बोटाने एक चित्र काढलं: मोठा चष्मा, त्यामागे बारीक डोळे आणि फुगलेलं नाक. चष्मेवालीने रागाने ते आतून पुसायला हात फिरवला. पुसलं जाईना, धूळ त्याच्या बाजूला होती. पाळण्यातला माणूस पोट धरून हसला.

नंतर तो लिहायला लागला. फलकांबरोबर दुकानांच्या काचाही आतून रंगवलेल्या असल्याने अक्षरं उलटी काढायचा त्याचा हात बसलेला, तिला आतून ती सुलटी दिसायची. 'हळू, बाई.' 'तुमचा पैलवान झोपलाय.' पैलवान म्हणजे तिच्या तुकडीतला दुसऱ्या नंबरचा माणूस, काडीसारखा. तिने काचेवर फुंकर मारून वाफेत उत्तर लिहिलं. ते त्याला उलटं वाचावं लागलं आणि मान वाकडी करताना पाळणा हलला, तशी ती ओरडली. तो शब्द त्याला ऐकू गेला नाही. चेहरा दिसला.

एके दिवशी धुळीत अक्षरं आली, 'जेवलात का?' त्यानंतर काही दिवसांनी, 'जेवलीस का?' चष्मेवालीने त्या काचेची रबरी पट्टी कापायला त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला. पैलवानाने विचारलं, "पातं बोथट झालंय का?" ती हो म्हणाली.

पुढचं कुणाला कळलं नाही. खालच्या जिन्यावर दोघं भेटायचे, चारचौघांत ठरल्याप्रमाणे कचाकचा भांडायचे. घरात फक्त तिच्या वहिनीला संशय आला, कारण घोरपडीचं नाव निघालं की चष्मेवाली हल्ली शिव्या द्यायची विसरत होती.

त्या सकाळी, काच निसटली त्या सकाळी, घोरपड संध्याकाळी तिच्या घरी येणार होता, तिच्या दादाला भेटायला. रात्री गारांसह पाऊस झाला होता आणि काच धुऊन लख्ख निघाली होती. धूळ नाही, अक्षरं नाहीत. पाळण्यात उभा घोरपड दाढी करून आला होता. तिने त्याला दाढीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. हनुवटी पोरासारखी निघाली. तिला हसू आलं, आणि डावा पंजा काचेवर ठेवला खरा, खटका बसवायचा राहून गेला. हे तिला पक्कं आठवतं. तिने एकदा वाजवलं, की दोनदा, हे मात्र आठवत नाही.

बारा वाजता टॉवरच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी पाहुण्यांची नोंद घेत, त्या लांब टेबलामागे मेट्रनबाई बसल्या. दोन्ही तुकड्या समोर. पैलवान आरोपांची तयारी करून आला होता, त्याचे ओठ आतल्या आत हलत होते. पश्चिमेच्या बाजूला घोरपडीची आतेबहीण बाह्या सरसावून उभी होती. त्यांच्या तुकडीची ती दुसऱ्या नंबरची, आणि तोंडाने पहिली.

"कुणाच्या हातून?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"माझ्या," चष्मेवाली म्हणाली.

"नाही. माझ्या," घोरपड म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस. माझा पंजा बसलेला नव्हता."

"मी वाजवायची वाटच पाहिली नाही. आधीच सोडलं."

"मला सांगू देशील का?"

"तू सांगतेस ते खोटं आहे म्हणून मध्ये बोलतोय!"

पैलवानाचं तोंड उघडं ते उघडंच. इतक्या वर्षांत या दोघांपैकी एकानेही साध्या ओरखड्याची चूक कबूल केली नव्हती. मागून कुणीतरी, फार हळू नाही, म्हणालं, "आयला, यांचं जमलंय!"

आधी हशा पिकला. मग एकेकाच्या डोक्यात हिशेब शिरला आणि हशा विरला. जो चूक आपल्या अंगावर घेतोय, तो एकटा घेत नाही. त्याच्या मागे अख्खं काचघर आहे.

आतेबहीण घोरपडीकडे न बघता म्हणाली, "वा, भाऊ. आपल्या काचघराचं छप्पर अर्धं उघडं ठेवून दिलदार व्हा."

मेट्रनबाईंनी टेबलावर हात आपटला. "तुमचं जमलंय की बिघडलंय, मला कर्तव्य नाही. मला उद्या सकाळी एक नाव पाहिजे. एक. नाहीतर दोन्ही तुकड्या बाहेर, आणि काच मी माझ्या मर्जीने वाटेन."

दुपारी चष्मेवाली काचघरात गेली. उत्तरेची भिंत अजून प्लास्टिकची होती. वाऱ्याने ती फडफडत होती आणि शिवलेल्या जागी पुन्हा फाटली होती. दादा तिथेच कोबीच्या रोपांपाशी उकिडवा बसला होता. हे काचघर तो पोटच्या पोरासारखं सांभाळतो.

"ये," तो म्हणाला. "पडलेला उजेड बघ. अजून बरा आहे. हिव पडलं की ही रांग गेली, ती रांग गेली."

"दादा, चूक माझी होती."

"असेल ना. चूक कुणाची होत नाही? पण त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, माझ्या हातून फुटली म्हणून. तुला नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंही जमलं नाही?"

ती गप्प बसली. आता बसून उपयोग नव्हता.

"तुला तो आवडतो, आवडू दे," दादा म्हणाला. "मी काही तुझ्या वाटेत आडवा पडत नाही. घोरपड का होईना, काम जाणतो. पण ही भिंत मी कशाने झाकू? तुमच्या प्रेमाने?"

वहिनी दारातून म्हणाली, "तो संध्याकाळी येणार होता ना? मी खोली झाडून ठेवलीय." मग दादाकडे बघून, "तुम्ही बघू नका असं. बटाटे जास्तीचे शिजायला लावलेत मी, परत थोडीच काढता येतात?"

घोरपड आला नाही. यायचं कुठल्या तोंडाने, असं त्याला वाटलं असावं. शेवटी चष्मेवालीच उठली आणि दिवस असेतोवर टॉवरच्या जिन्यावर गेली. तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसला होता, पाळण्याचा दोर मांडीवर घेऊन, त्याचे पेड तपासत.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "नाव माझं. टॉवर तुम्हाला. आमची माणसं तुझ्या हाताखाली येतील. तू काय, आम्हाला उपाशी ठेवणार आहेस?"

"तुझं छप्पर?"

"देशील ना त्यातून. तुझं मन मोठं आहे."

ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली. "म्हणजे मी जन्मभर देणारी आणि तू घेणारा. कधी भांडण झालं की तुझी बहीण म्हणणार, तुझ्यासाठी आम्ही टॉवर सोडला. ती नाही म्हणाली, तर तू म्हणशील."

"मी नाही म्हणणार."

"मनात म्हणशील. आणि नाव माझं दिलं, तर मी म्हणेन. मला मी माहीत आहे."

तो दोर बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहिला. दाढी नसलेला चेहरा तिला अजून ओळखीचा वाटत नव्हता.

"तू खरंच आधी सोडलंस?" तिने विचारलं.

"सोडलं. तू हसलीस आणि मला वाटलं झालं. वाजवल्याचं हाताला कळलंच नाही."

"मला वाचवायला सांगत नाहीस?"

"तुझ्या पंजाचं मला तिथे टेबलासमोर कळलं. आधी मला वाटलं, तू मला वाचवतेयस. राग आला होता."

"मलाही आला." ती हसली, पण फार वेळ नाही. "आपण भांडायचो तेव्हा एकमेकांशी जास्त खरं बोलायचो रे. निदान शिव्या मनापासून असायच्या."

"मग काय करायचं?"

"जे झालं तेच सांगायचं. दोघांनी काचेतून पलीकडे बघितलं, दोघांच्या हातून गेली."

"नियमात दोघं नाहीत. दोन्ही तुकड्या बाहेर होतील. तुझा दादा, माझी बहीण, सगळे आपल्याला..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि हे धाडस तिच्या एकटीच्या जिवावर नाही, दादाच्या कोबीच्या रांगांवर आहे, हेही तिला माहीत होतं. जिना उतरताना तिने ते दोनदा मनाशी म्हटलं. निर्णय बदलला नाही. बरोबर वाटतंय म्हणून बदलत नाही, की मागे फिरायची लाज वाटतेय म्हणून, याचा मात्र तिला उलगडा झाला नाही.

सकाळी दोघांनी मेट्रनबाईंना तेच सांगितलं, एकमेकांना न अडवता. मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला.

"नियमात एकच माणूस आहे."

"नियम तुमचाच आहे ना, बाई," घोरपड म्हणाला.

"म्हणूनच तर मोडायला लाज वाटते." त्यांनी दाराबाहेर नजर टाकली. बाहेर दोन्ही तुकड्या एकमेकांपासून अंतर राखून उभ्या होत्या आणि आज पहिल्यांदाच दोघींचा राग एकाच दिशेला होता, आपापल्या मुकादमावर. "वस्तीची समिती बसेल. काय ठरेल ते सांगता येत नाही. तोवर तुम्ही दोघं वर पाऊल टाकायचं नाही. पण हिव समितीसाठी थांबणार नाही, तेव्हा काम चालू राहील. आत पैलवान. बाहेर तुझी बहीण."

"ते दोघं?" चष्मेवाली म्हणाली. "एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"तेच बरं आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

समिती दहा वाजता बसली. दार अजून बंद आहे. आतून एकदा मेट्रनबाईंचा चढलेला आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. चष्मेवाली आणि घोरपड रस्त्यावर दोराच्या अलीकडे उभे आहेत, शेजारी नाहीत आणि फार लांबही नाहीत. दादा काचघरातून निघून आला आहे आणि तिच्याशी न बोलता तिच्या मागे उभा आहे.

साडेअकराला पैलवानाने आणि आतेबहिणीने बाराव्या मजल्यावरची पहिली काच अख्खी खाली उतरवली. ती आता गाडीवर पोत्यांत गुंडाळून बांधलेली आहे. पूर्वेला न्यायची की पश्चिमेला, असं गाडीवाल्याने दोनदा विचारलं आहे. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.