पन्हळीतली पानं

सुमित्रा शिडीवर उभी राहून पन्हळीतली कुजलेली पानं मुठीनं उपसत होती, आणि खाली व्हीलचेअरवर बसलेले तिचे पती हेमचंद्र एकसारखे "हो, हो" करत होते.

आधी तिनं लक्ष दिलं नाही. एप्रिलमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला तो हा एकच शब्द. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. मात्र त्यांना कळत सगळं होतं. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तिनं ते त्यांच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या या घराला हेमचंद्रांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. ऑक्टोबर आला की ते जुनी पँट चढवून बाहेर पडत. खिडक्यांना थंडीच्या जादा काचा बसवायच्या, बागेतला नळ आतून बंद करायचा, आणि शेवटी पन्हळी साफ करायच्या. पन्हळीत पानं अडली की बर्फाचं पाणी तुंबतं, तिथंच गोठतं आणि छपरातून घरात उतरतं. सुमित्रा शिडी धरायला गेली तर म्हणत, "तू चहा टाक." त्यामुळे हे काम तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं तेवढंच ठाऊक होतं, म्हणजे शिडीवरचे त्यांचे दोन पाय.

दूरच्या प्लेनो शहराहून मुलीचा, सीमाचा फोन आला तेव्हा सुमित्रा सहज बोलून गेली होती, की पन्हळी राहिल्यात. "आई, डोन्ट यू डेअर क्लाइंब दॅट लॅडर. जस्ट कॉल समवन," सीमा म्हणाली होती. सुमित्रा बरं म्हणाली. पण एप्रिलपासून या घरात परकेच हात वावरत होते. नर्स येत होती, व्यायाम करून घेणारा येत होता, आंघोळ घालणारा येत होता. त्यात आणखी एक माणूस तिला नको होता.

आपली माणसं सुरुवातीला पुष्कळ आली. गावच्या मराठी मंडळातल्या बायकांनी आळीपाळीनं डबे पोचवले. त्यांच्यातली शोभा तर दर रविवारी नवऱ्याला घेऊन येऊन बसायची. पण जो माणूस प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो त्याच्याशी बोलायचं तरी किती? येणं हळूहळू विरळ झालं. यात कुणाचं काही चुकलं असं सुमित्राला वाटत नव्हतं. आता फोन येत, काही लागलं तर कळव म्हणत, आणि ती काही लागत नाही म्हणे.

"हो! हो!" खालचा आवाज चढला. हेमचंद्र डावा हात झाडल्यासारखा हलवत होते. चेहरा लाल झाला होता. आपण पानं त्यांच्या झुडपांवर टाकतोय म्हणून ते चिडलेत, असं तिला वाटलं.

"नाही येत मला तुमच्यासारखं," ती वरूनच म्हणाली. "मग कोण करणार आहे? सांगा ना."

सांगा म्हटलं आणि तिलाच कसंतरी झालं. तोंड फिरवून ती पुढच्या पानांसाठी वाकली, तशी शिडी सरकली. शिडीला टांगलेली बादली खाली आदळली. तिनं दोन्ही हातांनी पन्हळ घट्ट पकडली. शिडी भिंतीवरून हातभर घसरली आणि पावसाच्या पाइपाला अडकून थांबली.

एकेक पायरी चाचपत ती उतरली. खाली येताच ती जमिनीवरच बसली. हेमचंद्रांचा हात अजून तसाच पुढे होता. त्याच्या रोखानं तिनं पाहिलं. शिडीच्या पायाखाली मेपलच्या ओल्या पानांचा जाड थर होता. त्यावर आता शिडी घसरल्याची लांब खूण उमटली होती.

"हे सांगत होता तुम्ही," ती म्हणाली.

"हो," हेमचंद्र म्हणाले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या शब्दाला त्याचा खरा अर्थ आला होता.

तिनं चहा केला. त्यांना पाजला, आपण प्यायली. उरलेलं तसंच सोडून द्यावं असं फार वाटलं. पण रात्रीपासून थंडी वाढणार असल्याचं रेडिओवर सांगत होते. ती उठली. दाताळ्यानं भिंतीलगतची पानं दूर ओढली, खाली कोरडी माती लागेपर्यंत. शिडी नीट उभी केली आणि हेमचंद्रांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही. तिनं शिडीचा पाय वीतभर बाहेर ओढला आणि पुन्हा पाहिलं. अजून नाही. आणखी थोडा ओढल्यावर त्यांनी मान डोलावली आणि डाव्या हातानं व्हीलचेअरच्या दांड्यावर थाप मारली. मला जवळ ने.

तिनं खुर्ची शिडीला भिडवली, ब्रेक लावला, त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. हेमचंद्रांनी शिडीचा खांब मुठीत धरला.

सुमित्रा वर चढली. रस्ता पार टोकापर्यंत रिकामा होता. शेजारच्या अंगणांतही कुणी नव्हतं. खाली फक्त त्यांचं टक्कल आणि तो हात दिसत होता. शिडी पुन्हा घसरली असती तर त्या हातानं ती थांबली नसती. हे दोघांनाही कळत होतं.

ती उरलेली पानं उपसू लागली. या वेळी तिनं ती पलीकडे, झुडपांपासून लांब टाकली. मधूनच तिनं वाकून पाहिलं. थंडगार ॲल्युमिनियमवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. हात आत घ्या, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं नुसता कामाचा वेग वाढवला.