आत्याच्या तोंडचे शब्द

भिंगरीचं कामच ते! डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा कोड लावायचा. त्या कोडवरून विमा कंपनी ठरवणार, पेशंटला पुढे काय मिळणार. आणि कोडवरून कंपनीने बोलायला शिकवणारे क्लास बंद केले कोणाचे? तिच्याच आत्याचे! मेंदूत रक्तस्राव झाला, तो बराही झाला, पण शब्द काही परत आले नाहीत. पाणी हवं असलं की आत्या म्हणणार "चावी", आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेणार. क्लास सुटले तर उरलेसुरले शब्दही जातील, या विचाराने भिंगरीला बसवेना.

घरच्या माणसाची फाइल आपण हाताळायची नाही, म्हणून आत्याची फाइल ऑफिसात शेजारी बसणाऱ्या चष्मिशकडे गेलेली. भिंगरी तडक त्याच्या टेबलावर.

"अरे, तू जड जिभेचा कोड लावलास? तिची जीभ कात्रीसारखी चालते! भाषा गेलीय तिची, भाषा!"

"डॉक्टरांनी 'बोलणं अस्पष्ट' एवढंच लिहिलंय. जे लिहिलं नाही, ते आपल्या मनाने लावायचं नाही. मला हे कोणी शिकवलं, बाईसाहेब?"

"पण डॉक्टरांना कळू नये?"

"सोबत तूच जातेस ना? मग त्या बिचारीला तोंड उघडायला मिळतं कुठे?"

भिंगरीचा चेहरा खर्रकन उतरला. खरंच की! डॉक्टर विचारायचे आत्याला आणि उत्तर द्यायची ही.

पुढच्या खेपेला ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. डॉक्टरांनी मनगट पुढे केलं. "हे काय आहे?"

आत्याने सवयीने हिच्याकडे पाहिलं. ही छताकडे.

"ते... भिंत. भिंत नाही हो! ते..." आत्याचे डोळे भरून आले. भिंगरीने 'घड्याळ' गिळलं अक्षरशः, पाय मात्र थयथय नाचत होते.

डॉक्टर पुढे झुकले. "उच्चार तर स्वच्छ आहेत. शब्दच सापडत नाहीयेत. कधीपासून?"

आत्याने डोक्यावर हात ठेवला. "ते... रक्त. तेव्हा."

डॉक्टर लिहू लागले : जुन्या रक्तस्रावामुळे भाषेत राहिलेला दोष. आता चष्मिशला खरा कोड लावता येणार होता, आणि क्लासही पुन्हा मागता येणार होते!

बाहेर येताच आत्याने तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला. "तू ना... तू एक..."

कोणती शिवी हवीय ते भिंगरीला पक्कं माहीत होतं. सांगेल तर शपथ! एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत ती वाट बघत राहिली.